दुसऱ्यांदा पत्ता विचारताना

या पुस्तकाचं मूळ एका दोनशे पानी वहीत आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, सर्व्हरच्या टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली ही वही. कोणती मशीन कधी बिघडली, काय केलं, काय झालं, ते तिच्यात लिहायचं, असा नियम मी पहिल्याच दिवशी घातला होता. आज तिची सुरुवातीची पानं उलटली की एकाच तऱ्हेच्या नोंदी दिसतात. 'मशीन ७ बंद. पुन्हा चालू केली.' 'मशीन १२ बंद. केबल बदलली.' 'मशीन ३, ४, ९ बंद. स्विच बदलून पाहिला, फरक नाही.' नियम पाळला जात होता, वही भरत होती, आणि तिच्यातून कोणालाही काही शिकता येत नव्हतं. 'बंद' या शब्दावरून काहीच कळत नाही, हे समजायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं.

लॅबमध्ये चोवीस मशिनी आहेत आणि एकीतही हार्ड डिस्क नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, दुपारची लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि अशा जागी डिस्कच सगळ्यात आधी जाते. एकामागून एक डिस्क गेल्या, नव्या घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा उरलेल्याही काढून टाकल्या आणि सगळ्या मशिनी नेटवर्कवरून बूट करायला लागलो. एक सर्व्हर, एक स्विच आणि चोवीस केबल. बटण दाबलं की मशीन सर्व्हरकडे कर्नल मागते, तो केबलवरून येतो, मेमरीत बसतो आणि चालू लागतो. फाइलींचं झाडही सर्व्हरवरच असतं. सर्व्हरवर एकदा बदल केला की चोवीस ठिकाणी झाला.

या मार्गाला चाळीस वर्षांची परंपरा आहे. फाइल उतरवण्याचा साधा नियम, म्हणजे टीएफटीपी, १९८१ मधला. मशीननं स्वतःचा पत्ता सर्व्हरला विचारायचा, ही बूटपीची रीत १९८५ ची. तिच्यातूनच पुढं डीएचसीपी आलं. नेटवर्क कार्डाच्या आत बसलेला जो छोटा प्रोग्रॅम हे सगळं घडवून आणतो त्या पीएक्सईचं २.१ हे विनिर्देशपत्रक इंटेलनं १९९९ मध्ये काढलं, आणि त्याच वर्षी जिम मॅकक्विलन यांनी एलटीएसपी हा प्रकल्प सुरू केला. जुन्या, कमी ताकदीच्या मशिनी एका सर्व्हरच्या आधारानं चालवायच्या, ही त्यामागची कल्पना. जगभरातल्या कितीतरी शाळा त्यावर चालल्या. आमची लॅब त्याच घरातली.

आता या पुस्तकाचा सगळा भार ज्या एका गोष्टीवर आहे, ती सांगतो. नेटवर्कवरून बूट होणारी मशीन आपला पत्ता दोनदा विचारते.

पहिल्यांदा विचारतो तो कार्डातला पीएक्सई. तो डीएचसीपीनं पत्ता मिळवतो, टीएफटीपीनं बूटलोडर उतरवतो, बूटलोडर कर्नल आणि त्याची शिदोरी उतरवून घेतो. शिदोरी म्हणजे इनिट-रॅम-एफएस, कर्नलला पहिल्या काही सेकंदांत लागणारे ड्रायव्हर आणि स्क्रिप्ट यांचं गाठोडं. मग बूटलोडर कर्नलच्या हाती कारभार सोपवतो आणि बाजूला होतो. त्या क्षणापासून पीएक्सईनं मिळवलेलं काही कामाचं राहत नाही. कर्नल ज्या केबलवरून आला ती केबल त्याला माहीत नसते. ज्या कार्डानं त्याला आणलं ते कार्ड त्याच्या लेखी एक अनोळखी चिप असते. ड्रायव्हर शोधायचा, कार्ड जागं करायचं, लिंक येईपर्यंत थांबायचं, पुन्हा डीएचसीपीनं पत्ता विचारायचा आणि मग एनएफएसनं फाइलींचं झाड जोडायचं, हे सगळं त्याला पहिल्यापासून करावं लागतं.

विद्यार्थी सगळ्यात जास्त इथंच फसतात, आणि मीही फसलो. 'सर, आयपी तर मिळाला ना, म्हणजे नेटवर्क ठीक आहे,' हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल याची गणती नाही. मिळाला, पण तो पीएक्सईला मिळाला. त्यावरून केबल, स्विच आणि सर्व्हर यांच्याबद्दल थोडंफार कळतं, कर्नलबद्दल काहीच कळत नाही. सर्व्हरवर टीसीपीडम्प हा नेटवर्क ऐकणारा प्रोग्रॅम लावून बसलं की हे डोळ्यांनी दिसतं. एकाच कार्डाच्या मॅक पत्त्यावरून आधी एक 'डिस्कव्हर', म्हणजे पत्त्याची पहिली मागणी, येतो, त्यावर 'पीएक्सई-क्लायंट' अशी ओळख लिहिलेली असते. मग फाइलींची मोठी वाहतूक होते. मग शांतता. आणि मग, सगळं ठीक असेल तर, त्याच मॅक पत्त्यावरून दुसरा 'डिस्कव्हर' येतो, ती ओळख नसलेला. तो कर्नलच्या बाजूनं आलेला. दुसरा आला की नाही, आला तर किती सेकंदांनी, त्याला उत्तर गेलं का, या तीन प्रश्नांनी निम्मा अंधार हटतो. पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणूनच फक्त ऐकण्याचं आहे. त्यात काहीही दुरुस्त करायचं नाही, कोणतीही सेटिंग बदलायची नाही. सर्व्हरशी बसायचं आणि एका धडधाकट मशीनचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढायचं.

धडधाकट मशीनचं का, हेही सांगतो. निरोगी बूट कसा दिसतो हे माहीत नसेल तर साध्या गोष्टीही भिववतात. पीएक्सलिनक्स हा बूटलोडर आपली कॉन्फिगरेशन फाइल शोधताना मॅक पत्त्याच्या नावाची फाइल मागतो, मग आयपी पत्ता सोळाच्या पायात लिहून त्या नावाची. १९२.१६८.१.२५ चं होतं सी०ए८०११९. ती नसेल तर शेवटचा अंक गाळून सी०ए८०११, मग सी०ए८०१, असं एकेक अक्षर गाळत जातो आणि सरतेशेवटी 'डीफॉल्ट' नावाची फाइल उचलतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये या काळात 'फाइल सापडली नाही' अशा ओळींची माळ लागते. पहिल्यांदा पाहणारा मुलगा लगेच म्हणतो, सापडली, हीच चूक. ती चूक नसते. मशीन दाराशी येऊन एकेक नाव घेऊन पाहत असते, एवढंच. आमच्या वहीत या माळेवर खर्ची पडलेल्या दोन अख्ख्या दुपारींची नोंद आहे.

वहीचा शब्द बदलला तो एका विद्यार्थिनीमुळं. आर्वीकडची मुलगी, दुसऱ्या वर्षाला होती. आम्हाला कुठूनसा एक चांगला, सेटिंग करता येण्याजोगा स्विच मिळाला होता. तो बसवला आणि दुसऱ्या दिवशी एकही मशीन वर येईना. मी वहीत 'सर्व बंद' असं लिहीत होतो. ती शेजारी उभी राहून वाचत होती. म्हणाली, "सर, बंद नाही ना झाली. थे उठते, सामान उतरवते, अन् मंग बसून रायते." मी पेन ठेवला. ती म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. मशीन मेली नव्हती. कर्नल चालत होता, इनिट-रॅम-एफएसच्या शेलमध्ये कर्सर लुकलुकत होता, कोणीतरी काही सांगावं म्हणून ती बसली होती. मेलेल्या मशीनपुढं फक्त शेवटचा कागद वाचता येतो. बसलेल्या मशीनला विचारता येतं.

तिनंच विचारलं. त्या शेलमध्ये हातानं पत्ता मागायची कमांड दिली, आणि पत्ता ताबडतोब मिळाला. कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, केबल ठीक. मग स्क्रिप्टनं मागितला तेव्हा का मिळाला नव्हता? फरक फक्त वेळेचा होता. स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू होतं. नेटवर्कमध्ये केबलींचं वर्तुळ तयार होऊ नये म्हणून हा नियम प्रत्येक नव्यानं जुळलेल्या पोर्टला आधी १५ सेकंद नुसतं ऐकायला लावतो, मग आणखी १५ सेकंद शिकायला, आणि त्यानंतर वाहतूक सोडतो. पीएक्सई चार वेळा, दर वेळी दुप्पट थांबून, एकूण साधारण एक मिनिट पत्ता मागत राहतो, म्हणून तो निभावून जायचा. पण कर्नलच्या ड्रायव्हरनं कार्डाचा ताबा घेतला की लिंक क्षणभर पडते. स्विचवरचा दिवा विझून पुन्हा लागताना दिसतो. स्विचच्या दृष्टीनं ही नवीच जुळणी, त्यामुळं पुन्हा तीस सेकंद. आमच्या स्क्रिप्टला तेवढा धीर नव्हता. ज्या पोर्टांना फक्त मशिनी जोडलेल्या आहेत ते पोर्ट थेट उघडे राहतील अशी सेटिंग केली आणि चोवीसच्या चोवीस मशिनी वर आल्या.

त्या दिवसापासून वहीत 'बंद' लिहायला मनाई झाली. त्याऐवजी क्रियापद लिहायचं. मशीन बसली, म्हणजे ती जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहते. मशीन मेली, म्हणजे कर्नलनं पॅनिकची ओळ छापली आणि तो थांबला. जुन्या पीएस/२ कीबोर्डवर अशा वेळी दिवे लुकलुकतात. मशीन गप्प झाली, म्हणजे पडद्यावर काही नाही. पण तिचा दुसरा 'डिस्कव्हर' सर्व्हरवर दिसत असेल तर कर्नल चालतो आहे आणि फक्त त्याचं बोलणं आपल्या पडद्यापर्यंत येत नाही, कन्सोल भलतीकडं गेला आहे. मशीन फिरली, म्हणजे मरते, आपोआप रीस्टार्ट होते, पुन्हा मरते. चार क्रियापदं, चार वेगळे रस्ते. पुस्तकाची चार मोठी प्रकरणं याच नावांची आहेत. इंग्रजी पाठ्यपुस्तकातले शब्द वापरून मांडणी करता आली असती. पण बिघाड सांगणारा माणूस घाईत, घामाघूम आणि आपल्या भाषेत सांगतो. त्याच्या तोंडी आधीच नेमका शब्द असेल तर तो पुसून दुसरा शिकवण्यात मला अर्थ दिसला नाही.

यातलं 'मेली' हे प्रकरण सगळ्यात मोठं झालं आहे, आणि त्याचं कारण माझी एक चूक आहे. ती इथंच सांगतो.

एका सुट्टीत मी सर्व्हरवरचा कर्नल नवा केला आणि त्याच्यासाठी इनिट-रॅम-एफएस स्वतःच्या स्क्रिप्टनं बांधलं. पंधरा मशिनी व्यवस्थित चालल्या. नऊ मेल्या. नऊही एकाच जातीच्या मदरबोर्डच्या होत्या, पण हे मी त्या वेळी पाहिलंच नाही. पडद्यावर शेवटी ओळ होती, 'कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: अटेम्प्टेड टू किल इनिट'. तिच्या वर कॉल ट्रेस, रजिस्टरांचे आकडे, पंचवीस ओळींचा पडदा गच्च भरलेला. मी इनिटच्या, म्हणजे कर्नल चालू करतो त्या पहिल्या प्रक्रियेच्या, मागं लागलो. इनिट मरतो आहे तर इनिटमध्येच काहीतरी आहे, असं धरून तीन दिवस स्क्रिप्टची ओळ न् ओळ तपासली. मध्येच केबली बदलल्या, बायोसची दोन सेटिंग बदलली, आणि हे सगळं एकाच दिवशी केलं. त्यामुळं संध्याकाळी आधी काय होतं आणि आता काय आहे हेच सांगता येईना. पहिला बदल पुरता तपासल्याशिवाय दुसरा करायचा नाही, हे पुस्तकात ठळक अक्षरात छापलं आहे ते या तीन दिवसांमुळं.

चौथ्या दिवशी एका मशीनच्या मदरबोर्डवर सीरियल पोर्टच्या नऊ पिना दिसल्या. कपाटातून जुनी नल-मोडेम केबल काढली, दुसरं टोक एका लॅपटॉपला यूएसबी अडॅप्टरनं जोडलं, कर्नलच्या कमांड लाइनवर कन्सोल टीटीवायएस० या सीरियल पोर्टाला ११५२०० च्या वेगानं वळवला आणि बटण दाबलं. पडदा पंचवीस ओळींचा असतो आणि पॅनिकनंतर मागं सरकवून पाहता येत नाही. सीरियल केबलला अशी मर्यादा नाही. कर्नल पहिल्या क्षणापासून जे बोलला ते सगळं लॅपटॉपवर फाइलीत उतरत गेलं. पॅनिकच्या कितीतरी ओळी आधी, कुठलाही गाजावाजा न करता, नेटवर्क ड्रायव्हरची एक ओळ होती. पीएचवायचा ड्रायव्हर लोड झालेला नाही, तो कदाचित इनिट-रॅम-एफएसमध्ये घालावा लागेल, असं तिच्यात लिहिलं होतं.

कार्डात दोन भाग असतात. एक मेमरीशी आणि प्रोसेसरशी बोलतो, दुसरा तांब्याच्या तारेशी. या दुसऱ्या भागाला पीएचवाय म्हणतात. काही कार्डांसाठी कर्नलमध्ये या दोन भागांचे दोन वेगळे ड्रायव्हर आहेत. माझ्या स्क्रिप्टनं पहिला गाठोड्यात बांधला होता, दुसरा घरीच राहिला होता. पहिल्यानं पाहिलं की जोडीदार नाही, तेव्हा त्यानं कार्ड हाती घ्यायला नकार दिला आणि तसं सांगितलंही. कार्ड नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून एनएफएस नाही, एनएफएस नाही म्हणून पुढचा इनिट सापडला नाही, माझी स्क्रिप्ट संपली, आणि पहिली प्रक्रिया संपली की कर्नलला पॅनिक करण्यावाचून गत्यंतर नसतं. मी साखळीची शेवटची कडी धरून तीन दिवस ओढत होतो. टीसीपीडम्प लावला असता तर दुसरा 'डिस्कव्हर' आलेलाच नाही हे पाच मिनिटांत दिसलं असतं, आणि शोध इनिटकडं न जाता कार्डाकडं वळला असता. स्वतः शिकवत असलेलं पहिलं प्रकरण मी स्वतः वाचलं नव्हतं.

सेवाग्रामला ज्यांनी चरखा चालवला आहे त्यांना हे वेगळ्या शब्दांत माहीत असतं. सूत चातीच्या टोकाशी तुटतं. नवखा माणूस चातीच वाकडी असेल म्हणून तीच सरळ करत बसतो. जाणता आधी पेळू हातात घेऊन पाहतो, कारण पिंजण नीट झालेली नसली, पेळूत गाठ राहिली असली, तर ती धाग्यात पुढं सरकत सरकत चातीशी येते आणि तिथं तुटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनं आणि त्यानंतरच्या झाकीर हुसेन समितीनं हातानं करायच्या उद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं, तेव्हा कॉम्प्युटर कोणाच्या डोळ्यांपुढं असणं शक्य नव्हतं. पण काम करताना हाताला जे अडतं त्यातूनच का, कसं हे विचारायचं, ही त्या शिक्षणपद्धतीची, म्हणजे नई तालीमची, रीत मला या लॅबमध्ये रोज उपयोगी पडते. कर्नलची रचना फळ्यावर शिकवून मुलांच्या डोक्यात जेवढी उतरते त्याच्या कितीतरी पट ती एका मेलेल्या मशीनचा सीरियल लॉग वाचताना उतरते. पीएचवाय हा शब्द त्या बॅचचा एकही मुलगा विसरलेला नाही.

सीरियल केबलचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट मला मराठी वाचकांना आवर्जून सांगायची आहे. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये केजीडीबी नावाचा डीबगर आहे. एका मशीनवर कर्नल चालतो, दुसऱ्या मशीनवर जीडीबी, मधे सीरियल केबल. हव्या त्या ओळीवर कर्नल थांबवायचा, व्हेरिएबल पाहायचे, पुढं चालू द्यायचा. चालता कर्नल असा थांबवून पाहणं फार कठीण, कारण थांबवणाराही त्याच कर्नलच्या पोटात बसलेला असतो. या डीबगरच्या मुख्य फाइलीच्या माथ्यावर कोणी कोणी काम केलं त्यांच्या नावांची यादी आहे. तिच्यात २०००-०१ साठी व्हेरिटास सॉफ्टवेअर, २००३-०४ साठी अमित एस. काळे आणि २००४ ते २००६ साठी लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज ही नावं आहेत. लिनसिससॉफ्ट ही पुण्याची कंपनी. मुख्य कर्नलमध्ये डीबगर घ्यायला लिनस टॉर्वल्ड्स बरीच वर्षं तयार नव्हते. डीबगरच्या भरवशावर चालणाऱ्यांपेक्षा कोड वाचून नीट विचार करणारे लोक त्यांना हवे होते. त्यामुळं केजीडीबी वर्षानुवर्षं बाहेर, पॅचच्या रूपात राहिला आणि कर्नलची नवी आवृत्ती आली की तो तिच्यावर पुन्हा बसवावा लागायचा. हे चिकाटीचं, फारसं कोणाला न दिसणारं काम काळे आणि त्यांचे सहकारी करत राहिले. जेसन वेसल यांच्या प्रयत्नांनी जुलै २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, तो मुख्य कर्नलमध्ये आला. आज जगात कुठंही, कोणीही केजीडीबी वापरला तरी तो या यादीखालचा कोड वापरतो. आमच्या लॅबमध्ये पहिल्यांदा तो चालवला तेव्हा मी मुलांना ती फाइल उघडून दाखवली. यादीतलं ते आडनाव वाचून एक जण म्हणाला, "म्हणजे सर, आपल्याकडचे लोक हे करतात?" असं विचारणाऱ्या मुलांच्या हातात हे पुस्तक पडावं, ही माझी इच्छा आहे.

पुस्तकात केजीडीबीला एक प्रकरण आहे, पण ते शेवटून दुसरं आहे. आमचे बहुतेक बिघाड नीट वाचलेल्या लॉगनं उलगडले. नेटकन्सोलबद्दलही तेच. कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडं पाठवणारी ही सोय फार चांगली आहे, पण नेटवर्क कार्डच जागं होत नसेल तेव्हा तिचा काही उपयोग नाही. म्हणून सीरियल केबल आधी. नव्या मदरबोर्डवर मागच्या बाजूला पोर्ट दिसला नाही तरी आत बोर्डवर नऊ पिनांचा हेडर असण्याची शक्यता असते. मशीन टाकाऊ ठरवण्यापूर्वी एकदा पेटी उघडून पाहा.

नेटवर्क बूटची एक बाजू फारशी बोलली जात नाही. ज्या रीतीमुळं हे बिघाड होतात तीच रीत बिघाड शोधायला सगळ्यात सोयीची आहे. जुन्या कर्नलमध्ये चालत होतं, नव्यात चालत नाही, मधे दहा हजारांहून जास्त बदल झाले आहेत, तर दोषी बदल कसा शोधायचा? गिट बायसेक्ट मधला एक बदल उचलून देतो, तो चालला की पुढचा अर्धा भाग उरतो, नाही चालला की मागचा. दर वेळी निम्मं. दहा हजार बदलांना साधारण चौदा चाचण्या पुरतात. डिस्क असलेल्या मशीनवर प्रत्येक चाचणीला कर्नल बसवायचा, तो बिघडला की मशीन कशीबशी वर आणायची, आणि मग पुढचा. आमच्याकडं सर्व्हरवरची एक फाइल बदलायची आणि एका मशीनचं बटण दाबायचं. कर्नल कितीही वाईट निघाला तरी मशीनमध्ये बिघडायला काही ठेवलेलंच नाही. चौदा चाचण्या एका दुपारी होतात, आणि त्यात बराचसा वेळ कर्नल कंपाइल होण्याचा असतो.

काही गोष्टी पुस्तकात थोडक्यात उरकल्या आहेत. यूईएफआय मशिनींचं एक छोटं प्रकरण आहे. बायोसच्या मशीनला आणि यूईएफआयच्या मशीनला वेगवेगळी बूट फाइल लागते आणि डीएचसीपीच्या मागणीतला ९३ क्रमांकाचा पर्याय पाहून सर्व्हरनं ती द्यायची असते, एवढं नीट कळलं तर मिश्र लॅब चालवता येते. टीएफटीपीच्या मोजणीवर दोन पानं आहेत. त्याचा एक तुकडा ५१२ बाइटचा आणि तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ च्या पुढं आकडा जात नाही. ४० एमबीची फाइल ८१,९२० तुकड्यांची होते. काही मशिनी आकडा पुन्हा पहिल्यापासून मोजतात, काही ३२ एमबीच्या आसपास अडतात. १९९५ मध्ये तुकडा मोठा करण्याचा पर्याय नियमात आला, तो दोन्ही टोकांनी मान्य केला की प्रश्न सुटतो. लाईट जाऊन परत आल्यावर चोवीस मशिनी एकदम जाग्या होतात आणि सर्व्हर स्वतः अजून उठत असतो, त्या दहा मिनिटांवर मात्र मी विस्तारानं लिहिलं आहे, कारण ती दहा मिनिटं इकडच्या लॅबमध्ये जवळजवळ रोज येतात आणि मी वाचलेल्या एकाही इंग्रजी पुस्तकात ती मला सापडली नाहीत. मशिनींना वेगवेगळ्या वेळी उठवायचं कसं, सर्व्हर आणि स्विच यांच्यासाठीच यूपीएस का राखून ठेवायचा, हे तिथं आहे.

हे पुस्तक कर्नल लिहिणाऱ्यांसाठी नाही. ज्याच्या ताब्यात एक लॅब आहे, थोडं लिनक्स येतं, आणि मशीन अडली की 'फॉरमॅट मारा' हा सल्ला ज्याला चहूबाजूंनी मिळतो, त्याच्यासाठी आहे. डिस्क नसलेल्या मशीनला फॉरमॅट मारता येत नाही, ही आमच्या लॅबची मोठीच कृपा झाली. पळवाट नव्हती, म्हणून कारण शोधावं लागलं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वहीतल्या खऱ्या नोंदी तारखांसह दिल्या आहेत. चुकलेले अंदाजही तसेच ठेवले आहेत, माझे धरून. नोंदी करणाऱ्या मुलामुलींपैकी काही आता पुण्यात, हैदराबादला नोकरीला आहेत. आपलं अक्षर ते ओळखतील.

पुस्तकाच्या शेवटी सोळा पानं रेघा मारून कोरी सोडली आहेत. पहिला रकाना तारखेचा, दुसरा मशीनच्या क्रमांकाचा, तिसरा क्रियापदाचा. चौथ्यात दुसरा 'डिस्कव्हर' आला का ते लिहा, आणि आला असेल तर किती सेकंदांनी. काय बदललं त्याचा रकाना त्यानंतर येतो, आणि तो मुद्दाम एकाच ओळीचा ठेवला आहे.